दारापर्यंत

“अगं, बस जरा. खुर्ची चावतेय का तुला?” हिलरीबाई पुढे बघतच पुटपुटल्या.

नेत्साई बसली. बसली म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकली. समोरच्या भिंतीवरचा पडदा अजून निळाच होता. ज्याच्या जामिनाचा अर्ज होता त्या माणसाला तिकडे, विमानतळाजवळच्या स्थानबद्धता केंद्रात, अजून कॅमेऱ्यापुढे आणून बसवले नव्हते. न्यायाधीश सर्दीने बेजार होते. गृहखात्याचा तरुण अधिकारी पेनाचे टोपण काढत होता, लावत होता. वकीलबाई दाराशी उभ्या राहून कुणाला तरी फोन लावत होत्या आणि पलीकडून कुणी तो उचलत नव्हते.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या त्या इमारतीत अशा सुनावण्या दर आठवड्याला चालत. आसरा मागायला आलेली किंवा कागदांची मुदत संपलेली माणसे सरकार धरून ठेवते. त्यांना शिक्षा झालेली नसते, त्यामुळे सुटकेची तारीखही नसते. मग त्यांनी जामीन मागायचा. हिलरी क्रॅबट्री आणि त्यांच्यासारखी काही माणसे आळीपाळीने निरीक्षक म्हणून येऊन मागच्या खुर्च्यांवर बसत आणि काय चालते ते टिपून घेत. हिलरीबाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात सांगावे तसा नियम सांगितला होता: ऐकायचे, लिहायचे, बोलायचे नाही.

न बोलणे नेत्साईला जमत होते. न हलणे जमत नव्हते. शिपलीच्या वृद्धाश्रमात ती कामाला होती. तिथे म्हाताऱ्यांना उठवता-बसवता, भरवता दिवस कसा जाई ते कळत नसे, आणि तिच्या पायाला भिंगरी असणे तिथे सगळ्यांच्या सोयीचेच होते. इथे मात्र दार पाठीमागे असले की तिला बसवत नसे. खुर्ची तिरकी करून ती दाराकडे एक डोळा ठेवायची.

ती मूळची झिंबाब्वेची, मुतारेकडची. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. काही वर्षांपूर्वी दर पंधरवड्याप्रमाणे हजेरीची सही करायला म्हणून ती सरकारी खिडकीपाशी गेली, आणि खिडकीतल्या मुलीने “जरा थांबता का?” एवढेच विचारले. त्यानंतरचा अख्खा हिवाळा नेत्साईने केंद्रात काढला. ती स्वतः अशी कॅमेऱ्यापुढे दोनदा बसली होती. तिकडून तिला न्यायाधीशांचे तोंड आणि टेबलाचा एक कोपरा एवढेच दिसले होते. त्या खोलीत आपल्या बाजूचे कुणी नाही असे धरूनच ती बोलली होती. पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा सुटली, पुढे यथावकाश कागदही मिळाले. मग एका रविवारी हिलरीबाई चर्चमध्ये या कामाबद्दल सांगायला आल्या, तेव्हा तिला कळले की मागे खुर्च्या असतात आणि त्यांवर कधीकधी माणसे असतात. माझ्या वेळी कुणी होते का, असे तिने विचारले. हिलरीबाईंना सांगता आले नाही. त्या आठवड्यापासून नेत्साई आपल्या सुट्टीच्या दिवशी येऊ लागली.

पडदा उजळला. करड्या स्वेटरातला एक तरुण माणूस खुर्चीत बसला होता. हात मांडीखाली घातलेले. तिजानी तिराब, सुदानमधल्या दारफूरचा. तो सुदानचा नव्हेच, शेजारच्या चाडचा आहे, असे गृहखात्याचे म्हणणे. चाडकडून कागद येईपर्यंत त्याला ठेवून घेतला होता आणि कागद काही येत नव्हते. अरबीची दुभाषी सुआद न्यायाधीशांच्या डाव्या हाताला बसली होती. जाडजूड, सावकाश बोलणारी बाई. तिने तिजानीला सलाम केला आणि ऐकू येते का ते विचारले. त्याने मान हलवली.

वकीलबाईंनी सांगितले की अर्जदाराचा सख्खा भाऊ, बखीत, त्याला हल शहरात आपल्या घरी ठेवून घ्यायला तयार आहे, त्याची हमी घ्यायलाही तयार आहे. तो यायला निघाला आहे, फक्त फोन उचलत नाही. न्यायाधीश नाक पुसत म्हणाले की भाऊ नाही तर पत्ता नाही, आणि पत्ता नाही तर मी याला सोडू कुठे? दुसरे प्रकरण आधी घेतो, तोवर शोधा.

नेत्साई उठलीच. दुसऱ्या प्रकरणाला मी एकटी पुरे, असे हिलरीबाईंनी हातानेच खुणावले.

ती बाहेरच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. टोकाला खिडकी होती, खाली रस्ता. रस्त्यापलीकडच्या बाकावर एक माणूस बसला होता. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी कोट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. मांडीवर एक पिशवी. तो दर थोड्या वेळाने उठे, रस्त्याच्या कडेपर्यंत येई, इमारतीच्या दाराकडे बघे आणि पुन्हा जाऊन बसे. हाच तो, हे नेत्साईला कुणी सांगावे लागले नाही.

निरीक्षकाने यात पडायचे नसते. ती खिडकीपासून दूर गेली. परत आली. माणूस पुन्हा उठून कडेपर्यंत आला होता. मग ती जिन्याकडे वळली आणि खाली उतरली.

“बखीत?” तिने बाकापाशी जाऊन विचारले.

तो दचकून उभा राहिला. “तुम्ही पोलीस?”

“नाही रे बाबा. मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.”

“मग इथे कशाला?”

“आज सुट्टी आहे.”

हे उत्तर त्याला पटले की नाही कोण जाणे, पण तो बसला आणि तीही बसली. दोघांचेही इंग्रजी आपापल्या वळणाचे होते, तरी एकमेकांना कळत होते. तो उजाडायच्या आत हलहून निघाला होता. इमारत उघडायच्याही आधी इथे पोचला होता. कोट मित्राचा. पिशवीत भावासाठी धुतलेले कपडे. गाड्या धुण्याच्या कामावरून आज खाडा केला होता. सगळी तयारी होती, फक्त पाय रस्ता ओलांडत नव्हते. त्याची स्वतःची राहण्याची मुदत संपली होती, वाढवून मिळावी म्हणून अर्ज केला होता, उत्तर आले नव्हते.

“आत नाव विचारतात,” तो म्हणाला. “नाव लिहून घेतात. मग मलापण ठेवून घेतील. मग आम्ही दोघंही आत, आणि बाहेर कोण?”

कोर्टात कुणाला धरत नाहीत, असे नेत्साईने सांगितले. ते खरेच होते. पण सांगताना तिचा आवाज तिला स्वतःलाच पोकळ वाटला. सही करायला आलेल्या बाईलाही धरत नाहीत, असे त्या वेळी तिला सगळ्यांनी सांगितले होते. छातीवर हात ठेवून ती शब्द कसा देणार? तिने भावाची गोष्ट काढली. तो तिकडे बसला आहे, करडा स्वेटर आहे, हात मांडीखाली घालून बसतो.

“लहानपणापासून तसाच बसतो,” बखीत म्हणाला, आणि उठला.

दोघांनी मिळून रस्ता ओलांडला. दाराशी ग्रॅहम होता, रखवालदार, पोट सुटलेला आणि सदा हसतमुख. तो सगळ्यांशी बोलतो तसेच बोलला. “या साहेब. नाव काय लिहू?”

बखीतचे तोंड उघडले. काही आले नाही. ग्रॅहमने पेन वर धरून वाट पाहिली, मग मदत म्हणून पुन्हा विचारले. बखीतने नेत्साईकडे पाहिले. ती नजर तिने नंतर पुष्कळ दिवस बरोबर वागवली. मग तो वळला आणि चालू लागला, आधी भराभर, मग धावतच. एका बसने करकचून ब्रेक लावला. नेत्साईने हाक मारली, पण कोपऱ्यावर फक्त कोटाची मागची बाजू क्षणभर दिसली.

“काही चुकलं का माझं?” ग्रॅहमने विचारले. तुझे काही चुकले नाही, असे सांगून ती वर गेली.

ती खोलीत शिरली तेव्हा तिजानीचे प्रकरण पुन्हा सुरू झाले होते. हिलरीबाईंनी चष्म्यावरून पाहिले. नेत्साई खुर्चीत बसली आणि या वेळी मात्र अजिबात हलली नाही.

वकीलबाईंनी वेळ मागून पाहिला. गृहखात्याचा अधिकारी म्हणाला की भाऊ इकडे फिरकलादेखील नाही, यावरून घरच्यांचा पाठिंबा कितपत आहे ते दिसतेच. तो हे कुत्सितपणे बोलला नाही. कागदावरचे वाचावे तसे बोलला. न्यायाधीशांनी थोडा वेळ लिहिले आणि मग नकार दिला. हमीदार हजर नाही, पत्त्याची खात्री नाही. नवीन काही सांगण्यासारखे असेल तर महिन्याने पुन्हा अर्ज करता येईल. सुआद वाक्यामागून वाक्य अरबीत सांगत गेली.

तिजानीने एकच प्रश्न विचारला. सुआदने तो इंग्रजीत ठेवला: “बखीत आला नाही?”

“नाही,” न्यायाधीश म्हणाले. “ते हजर राहिले नाहीत.”

तिजानीने मान हलवली. हळूच, समजूतदारपणे, जसे काही हे त्याला ठाऊकच होते.

ती मान नेत्साईने ओळखली. तिच्या पहिल्या सुनावणीला तिची चुलतबहीण मैदेई येणार होती. आली नाही. तेव्हा पडद्यासमोर बसून नेत्साईनेही अशीच मान हलवली होती. का आली नाहीस, हे तिने मैदेईला पुढे कधी विचारले नाही आणि मैदेईनेही कधी सांगितले नाही. दोघी लग्नात, बारशात भेटत, एकमेकींच्या ताटात आग्रहाने मक्याच्या पिठाचा सादझा वाढत, नातवंडांचे फोटो बघत. आणि नेत्साई घरी येऊन रात्री भांडी घासताना विचार करी, की ती निघालीच नव्हती, का वाटेतून परतली? एवढे कळले असते तरी चालले असते.

“तो आला होता,” नेत्साई म्हणाली.

आपण उभ्या आहोत हे तिला बोलल्यावर कळले. हिलरीबाईंचा हात तिच्या बाहीला लागला आणि तिथेच राहिला.

न्यायाधीशांनी मान वर केली. “आपण कोण, बाई?”

“मी इथे मागे बसते. तो दारापर्यंत आला होता साहेब. सकाळपासून समोरच्या बाकावर होता. घाबरला. नाव सांगता आलं नाही त्याला.”

“आता कुठे आहेत ते?”

“गेला.”

“निरीक्षकांना इथे बोलता येत नाही. आपल्याला ते माहीत असेलच. खाली बसा.”

ती बसली नाही. बसायचे तिच्या ध्यानातच आले नाही, कारण सुआदचा सावकाश आवाज अजून चालूच होता. ती हे सगळे, बाकासकट आणि दारासकट, तिजानीला सांगत होती. न्यायाधीश तिच्याकडे वळून म्हणाले की हे सांगायची गरज नव्हती.

“खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगीन, अशी शपथ घेतलीय मी,” सुआद म्हणाली. “गाळायचं काय, हे मला नाही ठरवता येत.”

पडद्यावर तिजानीने हात मांडीखालून काढले होते. तो इकडेतिकडे बघत होता. त्याला न्यायाधीश दिसत होते, टेबल दिसत होते. आवाज आला ती बाई दिसत नव्हती. त्याने काहीतरी विचारले. सुआद न्यायाधीशांकडे वळली.

“तो विचारतोय, कसा दिसत होता?”

न्यायाधीशांच्या हातात रुमाल होता. त्यांनी नेत्साईकडे पाहिले आणि मग खाली कागदाकडे. त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही, हे तिने लक्षात ठेवले.

“बरा दिसत होता,” ती म्हणाली. “कोट घातला होता. मोठा होत होता त्याला. तुझे कपडे धुऊन आणले होते.”

सुआदने सांगितले. तिजानीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले, आणि तेवढ्यात तिकडच्या कुणी तरी वेळ संपल्याचे सांगितले असावे, कारण पडदा निळा झाला.

बाहेर पडल्यावर हिलरीबाईंनी तिला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेले आणि दोन चहा मागवले. बराच वेळ त्या चहा ढवळत राहिल्या. मग त्यांनी सांगितले की तक्रार येणार, आज नाही तर उद्या. सुनावणी सगळ्यांना उघडी असते हे खरे, पण आपली नोंद लोक खरी मानतात ती आपण कुणाच्या बाजूने बोलत नाही म्हणून. उद्या म्हणतील, या बाया बघायला येत नाहीत, भांडायला येतात. मग आजवर लिहिलेल्या सगळ्याला किंमत राहणार नाही.

“तुला आता पाठवता यायचं नाही मला,” त्या म्हणाल्या. “निदान काही महिने तरी. तू रागावणार असशील तर रागाव.”

नेत्साई रागावली नाही. हिलरीबाईंचे म्हणणे तिला कळत होते आणि तेच जास्त लागत होते. नुसते ‘हिलरी’ म्हण, असे त्या किती वेळा सांगत, पण आईच्या वयाच्या बाईला तिच्याच्याने तसे म्हणवत नसे. “बाई, चहा गार होतोय,” एवढेच ती म्हणाली.

पुढचे दिवस तिने आश्रमात नुसता धडाका लावला. जादा पाळ्या घेतल्या, पडदे काढून धुतले, कुणी न सांगता कपाटे आवरली. सुट्टीच्या दिवशी घरी बसवेना, तेव्हा उगाच बसने शहरात जाऊन आली. बखीतचा नंबर तिच्याकडे नव्हता. शेवटी तिने वकीलबाईंना गाठून आपला नंबर त्याला द्यायला सांगितले. तो फोन करील असे काही तिला वाटत नव्हते.

त्याने केला. बराच वेळ पलीकडून नुसता गाड्यांवर पाणी मारल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “खाला, तो रागावला का?”

“नाही. तू कसा दिसत होतास, ते विचारलं त्याने.”

“तुम्ही काय सांगितलं?”

“कोट मोठा होत होता म्हणाले.”

तो हसला. निदान आधी तिला ते हसणे वाटले. मग तिने त्याचे आवरेपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवला.

महिन्याने पुन्हा तारीख लागली. हिलरीबाईंना तिने आधीच कळवले की मी येणार आहे, पण खोलीत पाऊल टाकणार नाही. सकाळी ती बसस्थानकावर जाऊन उभी राहिली. बखीत उतरला तो तोच कोट घालून, या वेळी बाह्या आत दुमडून शिवलेल्या. वाटेत दोघे फारसे बोलले नाहीत. समोरचा बाक आला तेव्हा त्याची चाल मंदावली, आणि नेत्साईची मात्र वाढली. तिच्या बरोबरीने राहायचे तर त्याला थांबता येईना.

ग्रॅहमने पेन उचलले. “नाव, साहेब?”

“बखीत आदम तिराब,” बखीत एवढ्या मोठ्याने म्हणाला की मागचे दोघे-तिघे वळून पाहू लागले. ग्रॅहमने शांतपणे स्पेलिंग विचारून लिहून घेतले. मग किल्ल्या, फोन, सुटे पैसे ट्रेमध्ये काढायला सांगितले. तरी चौकटीतून जाताना यंत्र वाजले. ग्रॅहमने कमरेचा पट्टा काढायला लावला आणि मग ते गप्प बसले. एवढ्यात वकीलबाई जिन्यावरून हाका मारू लागल्या, पुकारा झाला होता, आणि बखीत किल्ल्या-फोन उचलून दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. नेत्साई मागून, ट्रेमध्ये राहिलेले घेऊन.

ती वर पोचेपर्यंत दार लागले होते. व्हरांड्यात बाक होते, पण ती बसली नाही. खिडकीपर्यंत गेली, परत आली. दाराला तळहाताएवढी काच होती. तिच्यातून बघू नये असा काही नियम तिला कुणी सांगितला नव्हता, म्हणून तिने पाहिले. हिलरीबाईंची पाठ दिसली, त्यांच्या शेजारी कुणी नवखा गृहस्थ वहीत लिहीत होता. पडदा तिथून दिसत नव्हता. बखीत उभा होता. उजवा हात मोकळा, आणि डावा हात कोटाच्या आत, कमरेशी गच्च. पोटात दुखते की काय याच्या, असे तिला वाटले. मग तिने आपल्या हाताकडे पाहिले. पट्टा तिच्याच मुठीत होता.

दारावर टकटक करायला तिने हात उचलला आणि खाली घेतला.

तो तसाच उभा राहिला. न्यायाधीशांनी काही विचारले, त्याने उत्तर दिले. अधिकाऱ्याने विचारले, त्यालाही दिले. बोलताना उजवा हात मधूनमधून वर होई, डावा मात्र जागचा हलत नव्हता. पण मान ताठ होती, आणि आवाज दाराबाहेरही पुसटसा येत होता. नेत्साई काचेपासून बाजूला झाली. पुन्हा आली. पुन्हा बाजूला झाली. खिडकी आणि दार यांच्यामध्ये ती किती वेळा गेली असेल, तिलाच माहीत नाही.

दार उघडले तेव्हा आधी वकीलबाई फोन कानाला लावून बाहेर पडल्या. मग हिलरीबाई. त्या थांबल्या नाहीत, पण जाता जाता त्यांनी नेत्साईच्या खांद्यावर हात दाबला. शेवटी बखीत आला, तसाच, एका हाताने पॅन्ट कमरेशी धरून.

“सोडलं, खाला,” तो म्हणाला. “उद्या, नाहीतर परवा. पायाला पट्टा बांधणार आहेत म्हणे त्याच्या. कुठे जातो-येतो ते कळायला.”

“बांधू देत,” नेत्साई म्हणाली, आणि त्याचा पट्टा त्याच्यापुढे धरला.

त्याने तो घेतला. पुढच्या कड्यांमधून जमले, मागचे एक कडे काही सापडेना. तो भिंतीकडे तोंड करून धडपडत राहिला. नेत्साईने त्याला खांद्याला धरून जरा वळवले, कोट वर उचलला, चुकलेल्या कड्यातून पट्टा ओढून घेतला आणि पुढे त्याच्या हातात दिला. मग कोट खाली ओढून नीट केला, पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि दोघे जिन्याकडे निघाली.